कशाला-मिस्त्री आणि चाकांची पेटी

गजराचं घड्याळ घरच्या घरी दुरुस्त करता येतं, असं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं. उघडलं, पुसलं, तेल दिलं आणि पुन्हा बसवलं, तेव्हा चार चाकं आणि एक स्प्रिंग उरली. ह्यांच्याशिवायही ते चालेल, असं मी बायकोला समजावत होतो. तिनं सगळा ऐवज माझ्याच रुमालात बांधला आणि मला स्टँडाजवळच्या मिस्त्रींकडे पिटाळलं. परंड्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागून तेव्हा मला जेमतेम सहा महिने झाले होते.

मिस्त्रींनी रुमाल सोडला, हसू मिशीत दाबलं आणि विचारलं, "हे कशाला पायजे?"

"वेळ बघायला."

"येळ काय, शाळेच्या घंटंवरबी कळतीय. तुमाला कशाला पायजे?"

अखेर कबूल करावं लागलं, की सकाळी मला जाग येत नाही, हेडमास्तर दोनदा बोलले आहेत आणि बायको उठवून उठवून थकली आहे. "आसं सांगा की," म्हणत त्यांनी घड्याळ पुढ्यात ओढलं.

कशाला, हे विचारल्याशिवाय हा माणूस कुठल्याही यंत्राला हात लावत नसे. विहिरीवरचं इंजिन असो की ग्रामोफोन, आधी हा प्रश्न. म्हणून गावानं त्यांचं नाव कशाला-मिस्त्री ठेवलं. खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं. एकदा एका बागायतदारानं बंदूक दुरुस्तीला आणली. कशाला, तर भुईमुगात रानडुकरं शिरतात. "दाखवा," मिस्त्री म्हणाले आणि दुकानाला कुलूप घालून तीन दिवस त्याच्या बांधावर जाऊन बसले. चौथ्या दिवशी डुक्कर दिसलं, मग बंदूक दुरुस्त झाली. तो बागायतदार सांगायचा, की एवढ्या चौकशा तर मुलगी देतानाही कुणी करत नाही.

ही सवय त्यांना कुठून लागली, ते मला गावच्या किल्ल्यात कळलं. रविवारी आम्ही दोघं तिथल्या बुरुजावर जाऊन बसायचो. मी तिथल्या जुन्या तोफेचा इतिहास सांगायचो, बराचसा रचून. ते तोफेवरून नुसता हात फिरवत राहायचे. एकदा म्हणाले, "ही परवडली मास्तर. हिला तोंड हाय. कुणावर धरली, ते धरणाऱ्याला दिसतं."

मग सावकाश सांगत गेले. मोठ्या लढाईत ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होते, विमानं पाडणाऱ्या तोफांच्या पथकात. तोफेशेजारी एक लोखंडी पेटी असायची, आत शेकडो दातेरी चाकं. दोघांनी दुर्बिणीतून विमान धरायचं आणि पेटीच्या मुठी फिरवत राहायच्या. विमान आत्ता कुठं आहे ते पेटी सांगत नसे. गोळा वर पोचेल तेव्हा ते कुठं असेल, ते सांगायची. तिची देखभाल मिस्त्रींकडे होती. तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा, की मी नवरा असूनही बायकोबद्दल तसा कधी बोललो नाही. "चाकाला चाक आसं लागायचं मास्तर, की आवाज न्हाय. जणू पाणी फिरतंय."

एके दिवशी पेटीनं सांगितलं त्या जागी गोळा गेला आणि विमान जंगलात पडलं. सगळे नाचले, मिस्त्रीही नाचले. दुसऱ्या दिवशी विमानातली यंत्रं काढून आणायला त्यांना पाठवलं. जपानी वैमानिक विशीतला होता. त्याच्या पोटाला कापडाची एक पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावर लाल दोऱ्याच्या गाठीच गाठी.

"म्या नीट बघितल्या," मिस्त्री म्हणाले. "कारागिराला कळतं. दर गाठ येगळ्या हाताची हुती. त्यो जित्ता परत यावा म्हनून आख्ख्या गावच्या बायांनी येक येक घातली आसंल." त्यांनी पुन्हा तोफेवर हात ठेवला. मग म्हणाले, "पेटीचं कायबी चुकलं न्हवतं. त्यो कुठं आसंल ते तिनं बरूबर सांगितलं. कोण आसंल, ते सांगायचं चाक तिच्यात न्हवतं."

चीनची लढाई झाली त्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या साहेबांचं इंग्रजी पत्र आलं. विमानं टिपणाऱ्या नव्या यंत्रांसाठी सरकारी कारखाना निघत होता आणि जुना, जाणता हात हवा होता. मिस्त्री पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, जवाब लिवायचाय. मी न मागता सबंध पत्राचं भाषांतर करून सांगितलं, अवघड शब्दांच्या अर्थांसह. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

उत्तराचा मजकूर त्यांनी सांगितला, मी तो इंग्रजीत लिहीत गेलो. यायला तयार आहे, देशाला पेटी पाहिजेच, वरून विमान आलं तर हात जोडून चालत नाही. आणि शेवटी म्हणाले, "येक वाक्य घाला. ही नवी पेटी कशाला हाय? आपल्या गावावर येणाऱ्याला आडवायला, का दुसऱ्याच्या गावावर जायाला? ते कळल्याबिगर मी हात लावणार न्हाय."

ते वाक्य मी गाळलं. गावात तेव्हा बायका लढाईच्या निधीसाठी हातातल्या बांगड्या उतरवून देत होत्या; अशा दिवसांत सरकारला असला प्रश्न विचारला तर बिचाऱ्याची हातची नोकरी जाईल, असं मला वाटलं. शिवाय अक्षर माझं होतं, बालंट माझ्यावरही आलं असतं, हेही लपवत नाही. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि कागद बराच वेळ डोळ्यांसमोर धरला. माझं वळणदार अक्षर बघतायत, अशा समजुतीनं मी सुखावलो. मग त्यांनी खाली सही केली.

महिन्यानं कामावर हजर होण्याचा हुकूम आला. प्रश्नाचं काय झालं असं त्यांनी विचारलं तर सांगायला मी एक थाप पाठ करून ठेवली होती. पण सगळ्या गावाला कशाला विचारणाऱ्या माणसानं ते विचारलंच नाही. कुर्डुवाडीची गाडी किती वाजता, एवढंच विचारलं. आठवडाभर घरोघर फिरून ज्याचं त्याचं यंत्र त्यांनी पोचतं केलं. स्टँडवर त्यांची ट्रंक मी टपावर चढवली, म्हणजे हमालाला नुसत्या सूचना दिल्या. गाडी सुटताना खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, "मास्तर, हे हात लई दिवस उपाशी हायेत."

त्यांचं एकच कार्ड आलं. "चाकं फार सुबक आहेत. केसाएवढाही फरक चालत नाही. आता दुर्बिणीला माणूस लागत नाही, यंत्र आपणच विमान शोधून काढतं. बघत राहावंसं वाटतं. झोप कमी झाली आहे." मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली, कारण तिन्हींत ते गाळलेलं वाक्य यायला लागलं. काही वर्षांनी साहेबांचं दोन ओळींचं पत्र आलं, की मिस्त्री कारखान्यातच गेले, कामावर असताना.

त्यांच्या दुकानाच्या जागी आता सायकली भाड्यानं मिळतात. मी अजून तिथून जाताना थबकतो. वर्तमानपत्रात नव्या लढाऊ विमानाचं, नव्या तोफेचं कौतुक छापून आलं, की मी ते पान अर्ध्यात मिटतो. एका भल्या माणसाला फसवून मी त्या कामावर धाडलं, हे ओझं मी पंधरा वर्षं कुणाला दाखवलं नाही. परवा जेवताना कसं कोण जाणे, बायकोला सगळं सांगून टाकलं.

तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. "अहो, त्यांना इंग्रजी चांगलं वाचता येत होतं," ती म्हणाली. "माझ्या शिलाई मशीनचं इंग्रजी पुस्तक त्यांनीच मला ओळ न् ओळ वाचून समजावलं होतं. त्यांना जायचं होतं हो. प्रश्न गाळायला तुम्ही आयतेच सापडलात."