कुलूप फाटकाला होते, वाटेला नव्हते

तारखा मी पंचांगानेच सांगतो. इंग्रजी तारखा माझ्या अर्जांवर आहेत, आणि ते अर्ज कोणाच्या टेबलावर पडून आहेत हे संबंधितांना ठाऊक आहे.

धरण भरले त्या वर्षीची नागपंचमी: दिग्रसजवळचा आमचा बंजारा तांडा पाण्याखाली गेला. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. संमती आम्हीच दिली होती. त्यानंतरची पहिली होळी: पाणी ओसरून जुना तांडा उघडा पडला, आम्ही तेथे होळी पेटवण्यास गेलो, तर धरणाच्या फाटकाला कुलूप. जबाबदार, तेव्हाचे शाखा अभियंता. दुसरी होळी: तेच कुलूप. जबाबदार, त्यांच्या जागी आलेले साहेब, ज्यांनी माझ्या सर्व अर्जांना मिळून ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढेच उत्तर दिले. मासेमारीच्या ठेकेदाराची जीप त्याच फाटकातून ये-जा करते. तिच्या सुरक्षेची चिंता कोणास वाटलेली दिसत नाही.

तांड्यात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनी पुढचे वाचावे.

मी बाहेर पडलो तो शिक्षक म्हणून. नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रकाठच्या शाळेवर. समुद्र कसा असतो ते आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नव्हते. निघण्याच्या सकाळी बैलगाडीतून एसटीपर्यंत मिरवत जाऊ, अशी माझी कल्पना. याडीने, म्हणजे माझ्या आईने, गाडी जुंपू दिली नाही. ट्रंक माझ्या डोक्यावर ठेवून ती तांड्याच्या वेशीवरच थांबली.

“गाडीत बसून गेला त वाट बैलाले पाठ होईन, तुले नाही. पायानं जाय. वापस याचं हाये तुले.”

त्या खडकाळ गाडीवाटेने मी एकटा चालत गेलो. सख्ख्या आईने असा निरोप द्यावा, याचा राग पुढे कित्येक वर्षे माझ्या मनात होता.

कोकणात मी सुलभाकाकूंच्या घरी भाड्याने राहिलो. भाकरी सुटली, भात आला. पुळण, खळे, आगोट हे तिकडचे शब्द माझ्याही बोलण्यात आले. ते गाव कासवांची अंडी राखणारे. थंडी पडली की समुद्री कासविणी पुळणीवर येऊन वाळूत घरटे करीत. एका पहाटे काकूंनी मला वाळूतली खूण दाखवली. ट्रॅक्टरच्या चाकासारखा एक माग पाण्यातून वर आला होता आणि अर्ध्यातूनच वळून पाण्यात गेला होता. घरटे नव्हते. कोणाच्या तरी बॅटरीच्या उजेडाला ती बुजली असावी.

“हरली बिचारी,” मी म्हणालो.

“हरली कशी? अंडी पोटातच आहेत ना तिच्या? ती काय समुद्रात टाकायची आहेत?” काकू म्हणाल्या. “तुमच्या बदलीच्या अर्जासारखं आहे हो, गुरुजी. नाही म्हटलं की पुन्हा हजर.”

काही दिवसांनी नवा माग दिसला. जुन्यापासून थोडा बाजूला, आणि त्याच्या टोकाशी घरटे.

पिल्ले सोडण्याच्या दिवशी सगळी पाण्याकडे सरपटत निघाली. एक मागे पडले. मी ते ओंजळीत उचलून लाटेपर्यंत न्यायला वाकलो, तोच काकूंनी माझा हात धरला.

“ठेवा खाली. चालू दे तिला. हा किनारा अंगात भिनला तर मोठी होऊन इथे येईल. तुम्ही उचलून नेलीत तर काय ओळखणार ती?”

मी तेथेच वाळूत बसलो. डोक्यावर ट्रंकेचा भार पुन्हा जाणवला, आणि याडीवरचा माझा राग त्या सकाळी संपला. हे ऐकायला मात्र ती राहिली नव्हती.

निवृत्त होऊन परतलो आणि लवकरच तांडा बुडाला. नव्या वसाहतीत नळ आहे, सिमेंटचा रस्ता आहे, नाकारत नाही. परंतु आमची होळी पहाटे पेटते, आणि वर्षभरात जन्मलेल्या मुलांचा धुंड, म्हणजे त्यांना तांड्यात सामील करून घेण्याचा विधी, तांड्याच्या मूळ मातीवरच होतो. दोन होळ्या हुकल्या होत्या. “लेकरं चालाले लागली गुरुजी, अन् अजून तांड्याचीच नाई झाली,” तांड्याचे प्रमुख, आमचे नाईक, म्हणाले. त्यांत माझी नातही होती. धुंडाची रीत मात्र फक्त मुलग्यांची. मी नाईकांना म्हटले, समुद्रावर जी परत येते ती मादीच असते. यंदा मुलींचाही धुंड करू. ते हसले, आणि हो म्हणाले.

यंदाच्या होळीला आम्ही फाटकाकडे गेलोच नाही. थोडे बाजूने, एसटीच्या जुन्या थांब्यावरून उतरलो. गाळाने सारे सपाट झाले होते. मी चपला काढल्या. गाळाखाली त्या जुन्या गाडीवाटेच्या चाकोरीचा दगड पायाला लागला; जेथे तो सुटे तेथे थांबून, चाचपून, पुन्हा धरला. माझ्यामागून सारा तांडा, पोरे कडेवर घेऊन. याडीच्या समाधीचा चबुतरा दिसला तेव्हा तांबडे फुटत होते.

होळी पेटली. धुंड झाले. लेंगीचा, म्हणजे आमच्या होळीच्या गाण्याचा, सूर धरला तेव्हा धरणाचा चौकीदार धावत आला.

“काका, फाटकातून याले बंदी हाये न.”

“फाटकातून कोण आलं?” मी विचारले.

तो फाटकापाशी जाऊन पाहून आला. कुलूप जसेच्या तसे होते.

“मंग मी सायबाले काय सांगू?”

“सांग, कुलूप शाबूत हाये,” नाईक म्हणाले आणि त्याच्या हातात गोड भात ठेवला. तो खाऊनच गेला.

घर म्हणजे छप्पर असते तर माझे बुडाले आहे. माझे घर माझ्या तळपायात आहे, आणि त्या पहाटेपासून माझ्या मागून चाललेल्या प्रत्येकाच्या.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. ते कुलूप कोणत्या आदेशाने, कोणाच्या सहीने लागले? उत्तर टपालाने नको. संबंधित साहेबांनी पुढच्या होळीला त्या चबुतऱ्यासमोर उभे राहून, स्वतःचे नाव सांगून, सर्वांसमक्ष उत्तर द्यावे. येताना मात्र जीप फाटकाशी ठेवावी आणि चालत यावे. वाट आम्ही दाखवू.