केरीच्या मॅरेथॉनमधलं आमच्या ह्यांचं गाऱ्हाणं

आमचे हे खेळाचे भारी भक्त. क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, काहीही चालतं. फक्त सोफा आणि शेवेची प्लेट लागते. सासऱ्यांचा पाय शुगरपायी गेला, तरी "एकदा तपासून घ्या" म्हटलं की ह्यांना नेमका कंपनीत ओव्हरटाइम निघतो. म्हणून गोव्याच्या टोकाला पेडण्यात केरीच्या किनाऱ्यावर मोठी मॅरेथॉन आहे आणि आमच्यासारख्या जडशीळ मंडळींसाठी पाच किलोमीटर चालायची फेरीही आहे असं कळल्यावर मी दोघांची नावं ठोकून दिली. फुकटच होतं. अट एकच, छातीवरचा नंबर बीपी-शुगर तपासल्यावरच मिळणार. ती ह्यांना मुळीच सांगितली नाही.

शनिवारी दुपारी साखळीहून स्कूटरने निघालो. डिचोली, म्हापसा, शिवोलीचा पूल, मोरजी, मग मांद्रे. रमतगमत दोन तास. गेस्टहाऊस दीड हजाराला. खोलीतून समुद्र दिसतो म्हणाले होते, तो न्हाणीघराच्या खिडकीतून दिसला. जेवणात बांगड्याचं हुमण आणि उकडा भात. ह्यांनी दोनदा भात घेतला. "उद्या पळायचंय ना!"

"चालायचंय," मी म्हटलं.

सकाळी सहाला उपाशीपोटी केरीला पोचलो. तपासणीचा तंबू बघून ह्यांचं तोंड उतरलं, पण मागे रांग, परत फिरायची लाज. नर्सबाईंनी बोट टोचलं. ह्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"किती आली?"

"नॉर्मल."

"दाखवा की!"

"तू काय डॉक्टर आहेस?"

इकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही, मग मॅरेथॉन तरी कशी होणार? शिट्टी राहिली बाजूला, गावातले एक आजोबा नारळ घेऊन उभे राहिले. लोक आपापलं मागणं त्यांना सांगत होते. आमचे हेही हळूच त्यांच्या कानाला लागून आले आणि साळसूदपणे हात जोडून उभे राहिले. आम्ही पडलो मूळचे गडहिंग्लजचे, ह्यांच्या नोकरीपायी साखळीत आलेले. ह्यांना वाटलं, आजोबांच्या कानात सांगितलेलं थेट देवाच्याच कानात जातं.

आजोबांचा आवाज तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोचावा असा.

"बा देवा म्हाराजा! हो साखळेचो पावणो. सहा म्हयने झाले, तेची साखर तीनशेच्या खाली येणा नाय. बायलेक सांगूक भियेता. तेका बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा किनारा ओरडला.

मला आधी संताप आला. देवाला सांगितलं आणि मला नाही? मग सासऱ्यांचा पाय आठवला. पाच किलोमीटर मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलायला बाकीचे होतेच. "पावण्या, भात कमी कर!" "पावण्या, पाय उचल!" शेवटी पातळभाजी-पाव होता. वाढणाऱ्या बाईने ह्यांना न विचारताच बिनसाखरेचा चहा दिला, आणि ह्यांनी तो निमूट प्यायला. तुम्ही जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा आणि जुने बूट घाला. वाळूत नव्यांची वाट लागते.

घरी आल्यावर ह्यांनी कपाटातून सहा महिन्यांचे रिपोर्ट काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"बाबांच्या जखमेच्या पट्ट्या तूच बदलायचीस," हे म्हणाले. "तुला पुन्हा तेच करायला लावायचं नव्हतं."

मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. फेरीतून काय मिळालं विचाराल, तर पोटऱ्या अजून ठणकतायत आणि मेडल कुठं ठेवलंय ते सापडत नाही. पण ते सगळे कागद मी वाचले, एकेक करून.

"उद्या नऊला दवाखाना," मी म्हटलं. "आणि ह्यापुढं घाबरायचं असेल तर एकट्यानं घाबरायचं नाही."