नऊच्या आत सावली

सावली ओळखण्यात डायवरमामांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. झाडाखाली ते गाडी लगेच लावत नसत. उतरून खोडाभोवती फेरी मारत, मावळतीकडे बघत आणि मग जिथे लख्ख ऊन पडलंय नेमकी तिथेच गाडी उभी करत. बघणारे हसत. मामा म्हणत, "आत्ताची सावली काय करायची? मला तीन वाजताची पाह्यजे."

हे माझे सख्खे मामा. एसटीत उभी हयात नांदेड-लातूर केलं. निवृत्त झाल्यावर लोक प्लॉट घेतात. मामांनी शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली. बाकडी काढून आत पलंग टाकला, शेगडी बसवली, माठ दोरीने आवळला. मामींना घेऊन ते वर्षातले आठ महिने त्या गाडीत राहत. आज कंधार, उद्या मुदखेड, परवा कुणाच्या शेतात. घर बरोबर घेऊन येणारा पाहुणा नातलगांनाही आवडायचा.

उन्हाळ्याचे कायदे कडक होते. पहाटे चारला उठून वंदना, मग चहा, मग स्टार्टर. नऊच्या आत गाडी सावलीच्या जागी लागलीच पाहिजे. टपावर गोणपाटं, त्यांवर दर दोन तासांनी पाणी. खिडक्यांना मामींच्या जुन्या साड्या, ओल्या करून. मे महिन्यात मी तीन दिवस राहिलो आणि दुसऱ्याच दिवशी म्हणालो, "मामा, एक कूलर तरी बसवा."

"उन्हाशी भांडायचं न्हाई, भाच्या. त्याचा टायम सांभाळायचा."

हा टाइम मामांनी एकदाच चुकवला, तोही सत्कारापायी. कंधारकडच्या एका मंडळाला त्यांचा 'चाकांवरचा संसार' गौरवावासा वाटला. कार्यक्रम सकाळी दहाचा, मीही बरोबर होतो. गाडी उघड्या मैदानात, व्यासपीठाला लागून. फलकाचं एक टोक खांबाला, दुसरं आमच्या टपाला. गोणपाटं फोटोत वाईट दिसतात म्हणून काढलेली, ओल्या साड्याही. पाहुण्यांना संसार बघता यावा म्हणून मामी नवी साडी नेसून आत बसलेल्या. प्रमुख पाहुणे दर अर्ध्या तासाने 'निघालोच' असं कळवत. मामांना शालीची हौस नव्हती, पण भीड फार. वेळ झाली की भरल्या स्टँडातून गाडी काढणारा हा माणूस त्या दिवशी मुकाट बसून राहिला.

बारा वाजता मी पाणी घेऊन आत गेलो. मामी कुणाशी तरी असंबद्ध बोलत होत्या. कपाळाला हात लावला तर चटका बसला. घामाचा मात्र थेंब नाही. मी ओरडलो. मामांनी येऊन माझ्या हातातला तांब्या मामींच्या डोक्यावर रिकामा केला. "धर तिला," म्हणाले आणि गाडी काढली. फलक टरकन फाटला. अर्धा भाग, मामांच्या नावासकट, दवाखान्यापर्यंत टपावर फडफडत आला. प्रमुख पाहुणे वाटेत समोरून गेले. त्यांच्या काचा बंद होत्या.

मामी तिसऱ्या दिवशी उठून बसल्या. लातूरहून आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "बास झालं. गाडी विका, फ्लॅटवर चला."

मामा खाली बघत म्हणाले, "इकून टाक. चूक माझी हाय."

"हाव, तुमचीच हाय," मामी म्हणाल्या. "मंग गाडी कामून इकायची? तिसऱ्या मजल्यावर मला कोंडू नका. फकस्त आता कुणासाठी थांबायचं न्हाई. कोण का असंना. कबूल?"

"कबूल," मामा म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते मुखेडला मुक्कामी होते. "साडेसातला निघणार, त्याच्या आत ये," मामांनी बजावलं होतं. माझी बस रखडली. पोचलो तेव्हा पावणेआठ. कडुलिंबाखाली चाकांचे ठसे होते आणि सांडलेल्या पाण्याची ओल. फोन लावला. मामींनी तो मामांच्या कानाशी धरला असावा.

"आरं, मी म्हणलं, भाचा हाय, थांबू जरा. ही म्हणली, भाचा थांबंल, ऊन थांबत न्हाई."

मागून मामींचा आवाज आला, "बोलणं बास. म्होरं बघून चालवा."

त्याच वर्षी हिवाळ्यात मामा गेले. ती भेट राहिली ती राहिलीच. पंधरा मिनिटं थांबले असते तर, असं मनात येतं. मग तळहाताला मामींच्या कपाळाचा चटका आठवतो आणि वाटतं, निघून गेले तेच बरं केलं.