सप्टेंबरची परीक्षा

वर्ना कांगस आमच्या कॉलेजच्या आइस हॉकी संघाची दुखापती बघणारी बाई. बावीस वर्षं तिने पोरांची रक्तं पुसली. टाके डॉक्टर घालायचे, डोकं ती घट्ट धरून ठेवायची. बर्फावर पडलेले दात शोधून, परत बसवता यावेत म्हणून दुधात टाकायची आणि वर ऐकवायची, "पुढच्या वेळी तोंड मिटून मार खा."

आमच्या मिशिगनच्या त्या टोकाला दुखणं सांगणं म्हणजे कमीपणा. बरगडी मोडली तरी पेपरात छापून यायचं, 'शरीराचा वरचा भाग'. नेमकी जागा कळली तर समोरचे तिथेच हाणतात.

दर सप्टेंबरला ती प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर बसवून आठवणीची, चपळाईची परीक्षा घ्यायची. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा आणि गुणांची तुलना. जुनी पोरं नव्यांना शिकवायची, मुद्दाम चुका. आधीच ढ ठरलात तर डोकं फुटलं तरी पास. मी तेव्हा कप्तान, नव्याने आलेल्या रीस ओल्मस्टेडला हे मीच शिकवलं. शहाणपणाच वाटायचा तो आम्हाला.

जानेवारीत रीसला कुणीतरी मागून कठड्यावर आपटला. नाकातून रक्ताची धार लागली. उठला तो थेट समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. ते सगळे हसले, आम्हीही हसलो.

पुढच्या गुरुवारी त्याचे गुण सप्टेंबरएवढेच आले. वर्नाने मला बोलावलं.

"हा पोरगा गणितात पहिला येतो. सप्टेंबरात एवढा दगड कसा झाला? मुद्दाम घाण केली होती का रे त्याने?"

दारात रीस उभा होता. शनिवारी त्याचे वडील सहा तास गाडी चालवून सामना बघायला येणार होते.

"छे हो वर्नाबाई. परीक्षेला घाबरतो तो."

"शपथेवर?"

"शपथेवर."

त्याला खेळू द्यायच्या कागदावर तिने सही केली.

शनिवारी बाराव्या मिनिटाला एक खांदा त्याच्या हनुवटीवर बसला. शिरस्त्राण उडालं आणि उघडं डोकं बर्फावर आदळलं. तो आवाज माझ्या कानातून जात नाही. त्याचे हातपाय झटके देत होते, तोंडातून फेस आणि रक्त. वर्ना साध्या बुटांनी घसरत, पडत धावली आणि गुडघ्यांवर बसून त्याची मान धरून राहिली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या. वरून त्याचे वडील नावाने हाका मारत होते.

रीस जगला. आज त्याला शर्टाची बटणं वडील लावून देतात.

कॉलेजने चौकशी बसवली. वर्ना म्हणाली, "सही माझी आहे, चूकही माझी." माझं नाव तिने घेतलं नाही. तिला खरंच वाटत होतं की मी खरं बोललो होतो. दुसऱ्या रांगेत बसून मी ऐकत राहिलो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी भेकड, आपण होऊन उठलो नाही.

नोकरी सोडून बाहेर पडताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू तरी डोकं सांभाळ रे. दुखलं तर सांगत जा."

मी हो म्हणालो.