जांभ्याच्या माळावरचे काळे दगड

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी शिवाजी पेठेतल्या घरी दगड तपासून द्यायचे. भूशास्त्र शिकवलेली बाई म्हणून लोक विहिरीतल्या खडकापासून अंगठीतल्या खड्यापर्यंत काहीही घेऊन येत. एकदा राधानगरीकडचा एक शेतकरी खताच्या पिशवीत चार दगड घेऊन आला. म्हणाला, "लोखंड हाय का न्हाय, एवढंच कागदावर लिहून द्या."

दगड काळे, हाताला जड. लोहचुंबक खटकन चिकटलं. लोखंड होतंच. पण भिंगाखाली गार्नेटचे लालसर तपकिरी दाणे दिसले आणि मी सावध झाले. तप्त शिलारस चुनखडकात घुसला की असा दगड तयार होतो. राधानगरीच्या डोंगरात खाली बेसॉल्ट, वर जांभा. चुनखडक आणायचा कुठून? जमीन कुठली विचारलं, तर तालुक्यापलीकडे तो काही सांगेना. माझ्या सहीवर हा कुणाच्या तरी गळ्यात पडीक माळरान मारणार, अशी माझी खात्रीच झाली.

एक तुकडा ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवला. आपल्याकडच्या बेसॉल्टमधल्या लोहखनिजात टायटॅनियम भरपूर असतं. यात ते नावालाच निघालं. मी निरोप धाडला, जागा दाखवा, मगच लिहीन.

आठवडाभरानं तो जीप घेऊन आला. माळावर तसलेच दगड विखुरलेले होते. एक उलटला. खालचं गवत दबलेलं, पण अजून हिरवट होतं. शेजारी हातभर खणायला लावलं. सगळा तांबडा जांभा.

"हे दगड इथले नाहीत," मी त्याच्याकडे रोखून पाहत म्हटलं. "कुणी आणून टाकले?"

मग त्यानं सगळं सांगितलं. माळ त्याचा नव्हताच, चुलतभावाचा होता. खाली लोखंड आहे असं सांगून भाऊ याची नदीकाठची भातशेती बदल्यात मागत होता.

मी ओशाळले. संशय तुमच्यावरच होता, हे कबूल केलं.

"मला बी तुमचा हुताच की," तो म्हणाला. "भावानं तुमाला आदीच गाठलं आसंल असं वाटलं, म्हणून जागा सांगितली न्हाय."

अदलाबदल मोडली. वर्षभरानं तो घरचे तांदूळ घेऊन आला. भाऊ म्हणे अजून सांगतो, दगड कुणी टाकले ठाऊक नाही. दोघांची विहीर सामाईक आहे. पाण्याची पाळी संपत आली की एकजण बांधावर येऊन उभा राहतो, दुसऱ्याची मोटर बंद होईपर्यंत.