सुबराती चाचांची गेरूची रेघ

मकराण्याच्या संगमरवर बाजारात ज्या लादीवर सुबराती चाचांनी गेरूची रेघ ओढली, ती पुन्हा कुणी तपासत नसे. चाळीस वर्षं त्यांचं काम एकच. हातोडीच्या दांड्याने लादी ठोकायची आणि कान द्यायचा. एकसंध दगड टणटणीत वाजतो, आत तडा असेल तर आवाज बसका येतो.

पण दोन वर्षांपूर्वी चाचांचा उजवा कान गेला आणि या दिवाळीनंतर डावाही. घरातही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखत. लादीला मात्र ओठ नव्हते.

त्या दिवशी डेगाण्याच्या गोमतीबाई वखारीत आल्या. शाळेतून निवृत्त होऊन घर बांधत होत्या.

"सगळं घर पांढऱ्याशुभ्र अलबेटा संगमरवराचं करा, चाचा. आयुष्यात एकदाच बांधतेय."

"स्वयंपाकघरात नको, मास्टरनीजी. लिंबू सांडलं की याची चमक जाते आणि हळद आत मुरते. ओट्याला ग्रॅनाइट घ्या. जिन्याला राखी रेघांचा डुंगरी संगमरवर, त्यावर धूळ दिसत नाही. अलबेटा बैठकीला आणि देवघराला."

"आणि तो राजसमंदचा? निम्म्या भावात मिळतो म्हणे."

"आज दुधासारखा दिसेल. पण त्यात लोह असतं, चार पावसाळ्यांत पिवळा पडतो."

"म्हणजे माझ्या दातांसारखा!" बाई हसल्या.

इथवर डोळ्यांनी भागलं. मग हमाल मंगला एकेक लादी उभी करू लागला. चाचा ठोकत, मान तिरकी करत, रेघ ओढत. नववीवर रेघ ओढून झाली, तेव्हा बाईंनी त्यांची बाही धरली.

"तीन हाका मारल्या मी. ही लादी थप्प वाजली."

"दगडादगडात फरक असतो, मास्टरनीजी."

"पस्तीस वर्षं पोरं शिकवलीत. ऐकून मान हलवणारा कोण आणि नुसताच हलवणारा कोण, मला कळतं." त्या समोर येऊन सावकाश बोलल्या, एकेक शब्द त्यांना दिसेल असा.

चाचांनी बादली मागवली आणि लादीवर पाणी ओतलं. उन्हात दगड सुकत गेला. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत केसाएवढी एक रेषा तेवढी ओली राहिली. चाचांनी अंगठ्याने गेरू घासला, तो निघेना. मग त्यांनी हातोडी उचलून एकच घाव घातला. लादी त्या रेषेवर दुभंगली.

"मंगला, मला ऐकू येत नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "आधीच्या आठही पुन्हा उभ्या कर. पाणी आण."

"ठोकते मी. तुम्ही पाणी बघा," बाईंनी त्यांच्या हातातली हातोडी घेतली.

आठांपैकी आणखी एकीवर तशीच ओली रेषा उरली. चाचांनी हातोडी परत घेऊन तीही फोडली आणि हातावरची धूळ झटकली.

"दिवाळीपासून माझ्या रेघेचा माल कुठं कुठं गेलाय, आठव, मंगला. उद्या सकाळी निघू. बादली सोबत घे."