कुंदाचं कापड

नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला सांगितलं असतं, पण ती जाईपर्यंत माझं तोंड उघडलं नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी या गोष्टीला वळसा घालूनच पुढे जायची. तुम्हाला सांगते आहे, तेव्हा मध्येच 'जाऊ द्या हो' म्हणू नका. मला समजूत घालून घ्यायची नाही.

माझं सासर सिंदी मेघेचं, भाजीची वाडी करणारं. मेथी, पालक, वांगी — उजाडायच्या आत तोडून वर्ध्याच्या बाजारात पोचवायची. माझी लेक शोभा झाली ते पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. हिवाळा लागला आणि मी पुन्हा वाडीत गेले. बायका बाभळीला झोळी टांगून पोरं निजवत, पण पहाटे झोळीतलं पोर गारठून जायचं. पाठीला बांधावं, तर जुनं लुगडं दवानं ओलं होई आणि ओझ्यानं सैल पडे. मी रोज कुरकुरायची. ती कुरकुर ऐकली कुंदानं.

कुंदा म्हणजे माझी धाकटी नणंद. तेव्हा लग्न व्हायचं होतं. गावातल्या एका विणकाम केंद्रात हातमाग शिकायला जायची. सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं, पण मामंजींनी होकार दिला होता. तिनं खास माझ्यासाठी कापड विणलं — उभा ताणा सुती, आडवा बाणा मेंढीच्या लोकरीचा. चांगलं रुंद, शोभाच्या गुडघ्यापासून मानेपर्यंत येईल असं. केंद्रातले मास्तर म्हणाले होते, वहिनीनं हिवाळाभर वापरून चांगलं म्हटलं, तर तुला घरी बसवायला माग देऊ. म्हणजे बघा — तिचा माग माझ्या एका शब्दावर होता.

आणि कापड चांगलं होतं हो! हे तरी मी कधी कुणाला म्हटलं का? पहिल्या दिवशी पाठीला बांधलं, दोन्ही पदर पुढे घेऊन कमरेशी गाठ मारली, आणि शोभा अशी चिकटून बसली की तिचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. वाफा संपला तरी ती झोपलेलीच. शेजारच्या वाडीतल्या बायका बांधावर येऊन कापड चाचपून गेल्या. कुंदाच्या बोटांचं कौतुक झालं, घरी जेवतानाही तेच. मला ते फार रुचलं नाही. खरं सांगते, अजिबात रुचलं नाही. दिवसभर वाकून वाकून कंबर माझी मोडायची आणि नाव तिचं.

देताना तिनं एकच गोष्ट बजावली होती — थंड पाणी, रिठा, आणि हलक्या हातानं. आमच्याकडे तान्ह्या बाळाचे कपडे सोडा घालून उकळायचे, वर धोपटायचे. एक दिवस शोभानं कापड भरवलं. लंगोट पातेल्यात उकळत होते. मी त्यांतच ते टाकलं.

विसरले, असं म्हणता येईल. विसरले नव्हते. हातात कापड धरून उभी होते, तिचं बोलणं कानात होतं, आणि मनात आलं — एवढे कसले नखरे, एका कापडाचे?

वाळल्यावर हातात घेतलं तेव्हाच कळलं. पन्हा आकसून पार अरुंद झालेला, अंग घोंगडीसारखं ताठ. तेव्हा तरी ठेवून द्यायचं ना? पण ठेवलं तर कुंदा विचारील, का ठेवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी तेच बांधलं. गाठ नीट बसेना, तशीच आवळली. मेथी उपटायला वाकले, आणि शोभा कडेनं घसरली. पाटाच्या दगडावर कपाळ आपटलं. रक्तावर पदर दाबून मी तिला घरी पळवली. पोर वाचली. भुवईवर खूण आहे अजून.

घरी सगळे जमले. कुंदानं आधी शोभाला घेतलं, मग कापड उचललं, दोन बोटांत चोळलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, गरम पान्यात तं नाई टाकलं ना तुमी?"

सासूबाई समोर होत्या. मी म्हटलं, "नाई वो. तू सांगतलं तसंच धुतलं."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. यासारखं दुसरं काही मला टोचत नाही. भांडली असती तर मीही भांडले असते. ती म्हणाली, "मंग माह्याच इनण्यात चूक झाली." सासूबाई कडाडल्या, "पुरे झालं थे इनकाम! पोरीचा जीव गेला असता." केंद्र सुटलं. कुंदा माझ्यासोबत वाडीत निंदायला येऊ लागली. पुढच्या उन्हाळ्यात आष्टीला दिली.

मी पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत राहिले — लग्न तर व्हायचंच होतं, माग काय सासरी नेणार होती? गेल्या दिवाळीला ती आली तेव्हा हा दिलासाही सुटला. तिच्या लेकीला विणकाम शिकायचं होतं. कुंदा तिला म्हणाली, "आपल्या हातात नाई थे, बाई. मी करून पाह्यलं. लोकाचं लेकरू पडलं." मी शेजारी बसून वालाच्या शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

लोकाचं लेकरू! शोभाला तिनं माझ्याइतकंच अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

आता पुरे. उद्या सकाळच्या एसटीनं मी आष्टीला निघाले आहे. सासूबाईंना बरोबर नेते आहे. त्यांना वाटतंय, लेकीला भेटायला चाललोय. त्यांच्यासमोर खोटं बोलले, तर खरंही त्यांच्यासमोरच बोलेन. कुंदाच्या लेकीलाही जवळ बसवून घेईन. तुझ्या आईनं चांगलं विणलं होतं, मी ते उकळून बिघडवलं आणि तिनं विचारल्यावर नाही म्हटलं — एवढंच बोलायचं आहे. पुढे कुंदा मला पाणी देते की दार लावून घेते, ते तिनं ठरवायचं.